पहिला ठसा

नागनाथ पाराजवळ माझं शिक्क्यांचं दुकान.
आठ बाय सहा. त्यात एक लेझर मशीन, एक स्टूल,
आणि तीन वर्षांपूर्वीपर्यंत इलाही तांबोळी.

इलाही पायरीवर उभा राहायचा.
येणाऱ्याला आधी गाव विचारायचा, मग नाव, मग काम,
आणि कामापर्यंत पोचेतो चहा आलेला असायचा.
माणूस एक शिक्का करायला यायचा, तीन सांगून जायचा.
मी आत मान खाली घालून
अक्षरं उलटी लावत बसायचो.
मला ते जमतं. नावं मी उलटी घडाघडा वाचतो,
तीच समोरून चालत आली की घशाला कोरड.

बरं चाललं होतं.
फक्त त्याला नाही म्हणता यायचं नाही
आणि मला मागता यायचं नाही.
मधल्या फटीतून धंदा गळायचा.
एक पतसंस्था, दोन शाळा, एक गणेश मंडळ,
जोशी नावाचे सहा वेगवेगळे वकील,
सगळे पावत्यांच्या तारेला लटकलेले.

भांडण झालंच नाही. त्याला मी तोंड उघडायला हवं होतं.
तो वारज्याला गेला, स्वतःचं टाकलं.
जाताना म्हणाला,
"विश्वंभर, गिऱ्हाइकाकडे बघत जा रे. चावत नाही ते."

मग भाचीने कर्वे रोडच्या एका हॉलमध्ये
उद्योजकांच्या शिबिरात माझं नाव घातलं.
चाळीस प्रश्न.
लग्नात तुम्ही कुणाशेजारी बसता?
मी आचाऱ्याशेजारी. तो पर्याय नव्हता.
फोन वाजला की आनंद होतो का?
शेवटी एक कागद हातात,
चार रकाने, एकात फुली:
अंतर्मुख. विक्रीसाठी जोडीदार शोधावा.
होता की.

त्या रात्री शटर अर्धं ओढून
मी स्वतःसाठी शिक्के केले.
'बाकी येणे'.
'निम्मे पैसे आधी'.
'मंगळवारी मिळेल', आणि त्याच्याखाली लाल शाईत
'मंगळवार म्हणजे मंगळवार'.
सात वर्षांत जे तोंडातून निघालं नाही
ते पावतीवर ठप्पकन उमटायला लागलं.

लोक हसले. फोटो काढून नेले.
अस्सल पुणेरी, म्हणाले, काय तो माज!
मी मूळचा बार्शीचा,
आणि माज कसला, घाबरलेला माणूस
शब्द मोजून वापरतो.
पण पैसे यायला लागले.
सहातले चार जोशी फेडून गेले.
मंडळाचं तेवढं अजून तारेवरच आहे.
आणि एक शिक्का करायला आलेला माणूस
आता एकच शिक्का करून जातो.

परवा इलाही आला. गोल शिक्का हवा होता,
'तांबोळी आणि कंपनी'.
कंपनी कोण, मी विचारलं नाही.
त्याने विचारलं: आईचे गुडघे कसे आहेत,
मशीन अजून कुरकुरतं का,
समोरचा घड्याळवाला कुठे गेला.
मी उत्तरं दिली. दोन-दोन शब्दांची, पण वर बघून.

निघताना खिशात हात घालून तो घुटमळला,
जसे सगळे त्याच्यापुढे घुटमळायचे.
मी 'बाकी येणे' उचलला.
हात मधेच राहिला.
"मार ना," तो म्हणाला. "मला नसतं जमलं."
मारला.
त्याने हसत पैसे मोजले, उतरला,
आणि पायरीवर उभ्या बाईंना सवयीने म्हणाला,
"आत या ताई. गाव कुठलं तुमचं?"

शिबिराचा तो कागद अजून पॅडखाली आहे.
नवा शिक्का झाला की पहिला ठसा त्याच्यावर उठवून बघतो.
'सत्यप्रत' आहे, 'रद्द' आहे, 'पोचले' तीनदा,
कुठल्याशा शाळेचा मोर आहे, पिसारा फुटलेला.
अंतर्मुख होतं त्या जागी आता
'तांबोळी आणि कंपनी',
जरासं तिरकं.